खांबावरची रेघ : अनुभवाचे मोल आणि अनुभवाची मर्यादा

21 जुलै 2021. त्या दिवशी बकरी ईद होती. चिपळूणच्या बाजारपेठेत आमच्या मामूंचे कापडाचे दुकान आहे. पाऊस आदल्या दिवसापासून धरलेला होता. नमाज, कुर्बानी, गोश्ताचे वाटप, पाहुणे यांत दिवस गेला. रात्री आमचा धाकटा भाऊ, जो तेव्हा मामूंच्या हाताखाली दुकानात काम शिकत होता, मामूंना म्हणाला, "मामू, पाऊस थांबायचं चिन्ह नाही. सगळा माल माळ्यावर घेऊ या का?"

त्या दुकानाच्या मधल्या खांबावर एक निळी रेघ होती. 26 जुलै 2005 च्या पुरात पाणी जिथवर चढले होते, तिथे मामूंनी स्वतःच्या हाताने ती ओढली होती. पुढची 16 वर्षे दुकानाची मांडणी त्या रेघेवर चालली. पावसाळा लागला की रेघेखालची फळी रिकामी व्हायची. महागाच्या साड्या, ड्रेसचे कापड, लग्नाचा माल रेघेच्या वर. मामूंनी भावाला खांब दाखवला आणि म्हणाले, "बेटा, 2005 सारखा पाऊस मी जन्मात पाहिला नव्हता. तेव्हासुद्धा पाणी इथवरच आलं. तू निवांत झोप."

भावाचे समाधान झाले नाही. त्याने आम्हाला मुंबईला फोन केला. आम्ही काय सांगितले? "मामूंना त्या नदीचा तुझ्यापेक्षा जास्त तजुर्बा आहे. मोठ्यांचं ऐक."

पहाटेपासून वाशिष्ठी आणि शिवनदीचे पाणी शहरात शिरू लागले. त्यातच खाडीला भरती. पाणी 2005 ची खूण ओलांडून वर गेले. मामूंच्या दुकानातली निळी रेघ पाण्याखाली गेली आणि तिच्या वर जपून ठेवलेला सगळा मालही गेला. घरातली माणसे सुखरूप राहिली, अल्हम्दुलिल्लाह. पण 30 वर्षांच्या मेहनतीचा चिखल झाला.

या लेखाचा विषय तो पूर नाही. त्या रात्री आम्ही फोनवर जे वाक्य बोललो, ते आमच्या मनातून जात नाही. मोठ्यांचे ऐकावे, हे चूक कसे असेल? आणि चूक नसेल, तर मग चुकले काय? दुकान असो, कारखाना असो, ऑफिस असो की मशिदीची ट्रस्ट कमिटी, निर्णयाची वेळ आली की हाच प्रश्न उभा राहतो. कुणाचा अनुभव मोठा आणि त्याचे किती ऐकायचे?

अनुभव नेमके काय करतो?

आधी अनुभवाच्या बाजूने बोलू. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमाग कारखान्यांत जुना जॉबर पाहावा. शेकडो मागांच्या खडखडाटात आपल्याला शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही. पण तो चालता चालता एका मागापाशी थांबतो. धोट्याचा आवाज बदलला आहे, हे त्याच्या कानाने टिपलेले असते. काय बिघडले आहे हे शब्दांत सांगण्याआधीच त्याचा हात पान्याकडे गेलेला असतो. हे ज्ञान त्याला कुठल्या पुस्तकात मिळालेले नाही.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी 1980 च्या दशकात अग्निशमन दलाच्या अधिकाऱ्यांचा याच दृष्टीने अभ्यास केला. आग लागल्यावर हे लोक दोन पर्याय मांडून त्यांतला चांगला निवडत असतील, असे सुरुवातीला वाटले होते. प्रत्यक्षात बहुतेक जण पर्यायांची तुलना करतच नव्हते. समोरची आग पाहताच आधी पाहिलेल्या आगींपैकी कशाशी ती जुळते हे त्यांना ओळखू येई आणि कृती सुचे. क्लाइन यांनी नोंदवलेली एक घटना प्रसिद्ध आहे. क्लीव्हलँड शहरात एका घराच्या स्वयंपाकघरात आग लागली होती. पथक आत शिरून पाणी मारत होते, पण आग दबेना. दिवाणखाना असायला हवा त्यापेक्षा जास्त तापलेला आणि आवाज मात्र कमी. पथकप्रमुखाला कारण कळले नाही, पण काहीतरी गडबड आहे एवढे जाणवले. त्याने सगळ्यांना तत्काळ बाहेर काढले आणि पाठोपाठ जमीन खचली. खरी आग खाली तळघरात होती. आपल्याला इशारा कशाने मिळाला, हे त्या प्रमुखालाही नंतर चौकशीतच उलगडले.

अनुभवी माणसाला कामावर ठेवताना आपण याच गोष्टीचे पैसे देत असतो. तो वेगाने ओळखतो, अनावश्यक गोष्टींवर वेळ घालवत नाही आणि गोंधळात डोके शांत ठेवतो.

मग अनुभव फसतो कुठे?

याच क्लाइन यांनी 2009 मध्ये नोबेल विजेते डॅनियल कानमन यांच्याबरोबर एक लेख लिहिला. कानमन हे माणसाच्या अंदाजांतल्या चुका दाखवण्यासाठी ओळखले जात आणि क्लाइन अनुभवी अंतःप्रेरणेचे कौतुक करण्यासाठी. दोघे एका निष्कर्षावर आले. अनुभवातून आलेल्या अंदाजावर विश्वास ठेवायचा तर दोन अटी पुऱ्या व्हायला हव्यात. एक, त्या कामात काही नियमितपणा हवा, म्हणजे तीच चिन्हे पुन्हा पुन्हा तोच अर्थ सांगणारी हवीत. दोन, आपला अंदाज बरोबर होता की चूक, हे माणसाला वारंवार आणि लवकर कळायला हवे.

या दोन अटी लावून पाहा. जॉबरने माग दुरुस्त केला की नाही, हे पाच मिनिटांत कळते आणि असे प्रसंग दिवसातून अनेकदा येतात. त्याचा अनुभव खरा. तव्यावर भाकरी टाकणाऱ्या आईचा हात असाच खरा. पण मोठा पूर मामूंनी किती वेळा पाहिला होता? एकदा. एका प्रसंगाला आपण 16 वर्षांचा अनुभव म्हणत होतो. वर्षे 16 होती, धडा एकच होता, आणि मधल्या काळात नदीपात्र, शहर, पाऊस सगळे बदलत गेले होते.

वर्षे मोजणे आणि अनुभव मोजणे यांत फरक आहे, हे डॉक्टरांच्या बाबतीतही दिसून आले. 2005 मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात 62 अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. डॉक्टरांच्या व्यवसायाची वर्षे आणि त्यांच्या उपचारांचा दर्जा यांचा संबंध त्यात तपासला होता. निम्म्याहून अधिक अभ्यासांत वर्षे वाढत गेली तशी कामगिरी उतरत गेलेली दिसली. याचा अर्थ आपल्या जुन्या फॅमिली डॉक्टरांना सोडून द्यावे असा नाही. विद्या बदलत असते, आणि जो शिकणे थांबवतो त्याची वर्षे त्याला पुढे नेत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. शिकणे चालू ठेवणारा वयस्क डॉक्टर ही तर अल्लाहची नेमतच आहे.

"साहेब, ते विमान अजून धावपट्टीवर आहे का?"

अनुभवाची आणखी एक मर्यादा आहे. ती अनुभवी माणसात कमी आणि त्याच्या आसपासच्या लोकांत जास्त असते.

27 मार्च 1977 रोजी स्पेनच्या टेनेरीफ बेटावर दोन जम्बो विमाने धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली आणि 583 माणसे मरण पावली. विमान वाहतुकीच्या इतिहासातला हा सर्वांत प्राणघातक अपघात. दाट धुके होते, रेडिओवरचे बोलणे अस्पष्ट होते, उशीर झालेला होता. उड्डाणाची परवानगी नसताना ज्या डच विमानाने धाव घेतली, त्याचा कप्तान कुणी नवशिका नव्हता. त्या कंपनीत इतर वैमानिकांना शिकवणारा तो प्रमुख प्रशिक्षक होता. विमान धावू लागल्यावर कॉकपिटमधल्या फ्लाइट इंजिनिअरने शंका काढली की समोरचे विमान अजून धावपट्टीवरून बाजूला झाले नसावे. कप्तानाने ठामपणे ती फेटाळली. इंजिनिअरने पुन्हा तोंड उघडले नाही. थोड्याच सेकंदांनी धडक झाली.

इंजिनिअरकडे बरोबर माहिती होती. त्याच्याकडे नव्हती ती एवढ्या मोठ्या माणसाला दुसऱ्यांदा टोकण्याची हिंमत. या आणि अशा अपघातांनंतर विमान कंपन्यांनी प्रशिक्षणच बदलले. कनिष्ठाने शंका स्पष्ट शब्दांत मांडायची आणि वरिष्ठाने ती ऐकून घ्यायची, हे दोन्ही आता वैमानिकांना शिकवले जाते.

आमचा भाऊ त्या रात्री तो इंजिनिअर होता. त्याने दोनदा विचारले, एकदा मामूंना आणि एकदा आम्हाला. दोन्ही वेळा त्याला गप्प केले गेले, आणि दुसऱ्या वेळी आम्ही केले.

मशवऱ्याची सुन्नत

आपल्याला या गोष्टी विमान कंपन्यांकडून शिकाव्या लागल्या याचे वाईट वाटते, कारण आपल्या दीनमध्ये मशवऱ्याची शिकवण आधीपासून आहे. कुरआनात 'शूरा' या नावाची एक सूरह आहे. आपापसांतल्या सल्लामसलतीने कामे करणे हा तिच्यात श्रद्धावंतांचा गुण म्हणून सांगितला आहे.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या जीवनातले प्रसंग या नजरेने पुन्हा वाचावेत. बद्रच्या वेळी पडाव पडल्यावर हजरत हुबाब बिन मुंजिर (रजि.) यांनी आधी विचारले की ही जागा अल्लाहच्या आदेशाने निवडली आहे की ही युद्धनीती आहे. युद्धनीती आहे असे उत्तर मिळताच त्यांनी शत्रूच्या बाजूच्या विहिरीजवळ जाण्याचा सल्ला दिला आणि प्रेषितांनी (स.) तो मानला. विचारण्याचा हा अदब पाहण्यासारखा आहे. हुबाब (रजि.) यांनी हुकुमाचा मान राखला आणि आपले ज्ञानही लपवले नाही.

हिजरी 5 मध्ये मदीनेवर मोठे सैन्य चालून आले, तेव्हा खंदक खणण्याची कल्पना हजरत सलमान फारसी (रजि.) यांनी मांडली. अरबांच्या युद्धात ही रीत नव्हती, ती इराणची होती. सलमान (रजि.) परदेशी होते, काही काळापूर्वीपर्यंत गुलाम होते, मदीनेत त्यांचा कबिला नव्हता. तिथले अनुभवी लढवय्ये त्यांना सहज म्हणू शकले असते की आम्हाला आमची लढाई शिकवू नको. पण समोरचे संकट नवे होते आणि त्यावरचा अनुभव या परदेशी माणसाकडे होता. उत्तरेच्या मोकळ्या बाजूला खंदक खणला गेला आणि मदीना वाचली.

वयाच्या बाबतीतही तसेच. प्रेषितांनी (स.) आपल्या अखेरच्या दिवसांत सीरियाच्या दिशेने पाठवायच्या लष्कराचे नेतृत्व हजरत उसामा बिन जैद (रजि.) यांना दिले. त्यांचे वय तेव्हा 20 च्या आत-बाहेर होते आणि लष्करात मोठमोठे सहाबा होते. काहींनी वयावरून कुरबूर केली. प्रेषितांच्या (स.) निधनानंतर सेनापती बदलण्याची सूचना पुन्हा आली, पण हजरत अबू बकर (रजि.) यांनी ती साफ नाकारली. उसामा (रजि.) मोहीम पूर्ण करून सुखरूप परतले.

हुदैबियाच्या वेळी तह झाल्यावर सहाबा इतके दुःखी होते की कुर्बानी करून केस उतरवण्याचा हुकूम होऊनही कुणी उठेना. तेव्हा हजरत उम्मे सलमा (रजि.) यांनी प्रेषितांना (स.) सुचवले की कुणाशी काही न बोलता आपण स्वतः आधी तसे करावे. त्यांनी तसे केले आणि सगळे उठले. माणसांच्या मनाची ती पारख एका स्त्रीची होती.

आणि उहुद? मदीनेत राहूनच लढावे असा प्रेषितांचा (स.) कल होता. बद्रला न गेलेल्या तरुणांचा आग्रह बाहेर पडण्याचा होता. त्यांचे मत मान्य झाले आणि पुढे मुस्लिमांना मोठे नुकसान सोसावे लागले, ज्यात तिरंदाजांनी जागा सोडणे हे मोठे कारण होते. यानंतर मशवरा बंद करा असा आदेश यायला हवा होता, असे आपल्याला वाटेल. पण उहुदविषयीच्या सूरह आले इमरानच्या आयतींत प्रेषितांना (स.) उलट आज्ञा होते की या लोकांना माफ करा आणि कामकाजात त्यांचा सल्ला घेत राहा. एका मशवऱ्यानंतर नुकसान झाले म्हणून मशवऱ्याची पद्धत टाकून दिली गेली नाही.

आपल्या दुकानात, आपल्या कमिटीत

आता आपल्याकडे पाहू. बहुतेक घरच्या धंद्यांत अब्बा किंवा मोठे भाऊ यांचा शब्द शेवटचा असतो. जमातीच्या बैठकीत पुढच्या रांगेत वयस्क मंडळी बसतात, तरुण दाराशी उभे राहतात आणि बायकांचे मत घरी गेल्यावर कळते, तेही निर्णय झाल्यावर. दुसरीकडे पदवी घेऊन आलेला मुलगा पहिल्या महिन्यातच जुन्या मुनीमजींना मोडीत काढतो आणि कुठला व्यापारी उधारी बुडवतो हे ज्ञान त्यांच्याबरोबर दुकानाबाहेर जाते. आखातात 25 वर्षे सुरक्षा विभागात काम केलेला माणूस कोकणातल्या गावी परततो आणि मदरशाच्या इमारतीतली वायरिंग करताना त्याला कुणी विचारतही नाही. अनुभव आपल्याकडे भरपूर आहे. पण ज्या कामात ज्याचा अनुभव आहे, त्या कामात त्याला विचारण्याची सवय आपल्याला नाही.

आमच्या घरात पुरानंतर काही गोष्टी बदलल्या. त्या इथे मांडतो, कारण कुणाच्या तरी उपयोगी पडतील.

पहिली गोष्ट, बैठकीत सर्वांत लहान आधी बोलतो. मोठ्यांनी आधी मत दिले की लहानांचे मत तिथेच संपते.

दुसरी, कुणी अनुभवाचा हवाला दिला तर अदबीने विचारायचे की असे किती वेळा झाले होते आणि तेव्हापासून काय बदलले आहे. हा प्रश्न बेअदबी समजला जात नाही. मामूंनीच तसा नियम केला आहे.

तिसरी, मोठा निर्णय घेताना तो का घेतला हे वहीत चार ओळींत लिहायचे आणि सहा महिन्यांनी ते पान उघडायचे. आपल्या आठवणीत आपण नेहमी बरोबरच असतो. वही तसे म्हणत नाही. पूर रोज येत नाही, पण मालाची खरेदी दर हंगामात असते, आणि वहीमुळे तो अनुभव खऱ्या अर्थाने साठत जातो.

चौथी, दोन्ही बाजूंच्या चुकीची किंमत आधी मोजायची. माल माळ्यावर चढवला असता आणि पाणी आले नसते, तर दोन तासांची मेहनत फुकट गेली असती. चढवला नाही आणि पाणी आले, तर दुकान गेले. जिथे एका बाजूची चूक इतकी स्वस्त आणि दुसरीकडची इतकी महाग, तिथे कुणाचा अंदाज बरोबर यावर वाद घालत बसण्याची गरजच नव्हती. हे आम्हाला त्या रात्री फोनवर सुचायला हवे होते.

मामूंचे दुसरे अनुभवज्ञान

एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती सांगितली नाही तर मामूंवर अन्याय होईल. पहाटे पाणी दारात आले तेव्हा घरात एकच धावपळ उडाली. भाऊ खाली दुकानाकडे धावणार होता. मामूंनी त्याचा हात धरला. 2005 ला माल वाचवायला उतरलेले लोक कसे अडकले, ते त्यांनी पाहिले होते. त्यांनी पिण्याचे पाणी, कागदपत्रे, औषधे आणि ईदचे उरलेले जेवण वरच्या मजल्यावर नेले, शेजारच्या दोन कुटुंबांना वर बोलावून घेतले, मीटरचा मुख्य स्विच बंद केला आणि पाणी उतरेपर्यंत कुणाला जिन्याखाली पाऊल टाकू दिले नाही. पाणी किती चढेल हे त्यांना सांगता आले नव्हते. पण पाणी चढल्यावर माणसे कशी जगवायची, हे त्या घरात फक्त त्यांनाच ठाऊक होते. मामू एकच, रात्र एकच. त्यांच्या अनुभवाने एकीकडे आम्हाला फसवले आणि दुसरीकडे आमचा जीव राखला.

दुकान पुन्हा उभे राहिले. खांबावर आता दोन रेघा आहेत. वरची रेघ छताच्या जवळ आहे आणि तिच्या वर काही ठेवायला जागाच नाही. म्हणून हवामान खात्याचा लाल इशारा आला की माल माळ्यावर जातो. रेघ बघायची नाही, आणि घरातल्या कुणीही एकाने "चढवू या" म्हटले तरी पुरे. गेल्या काही पावसाळ्यांत तीनदा माल चढवला, तीनदा पाणी आले नाही. तिसऱ्या वेळी भाऊ थोडा ओशाळला. मामू गठ्ठा खाली उतरवता उतरवता म्हणाले, "शरमिंदा होऊ नकोस. पुढच्या वेळी पुन्हा सांग."

अल्लाह आपल्या मोठ्यांचे छत्र आपल्यावर कायम ठेवो, त्यांना लहानांचे ऐकण्याचे मोठे मन देवो, लहानांना अदबीने बोलण्याची हिंमत देवो आणि आपल्या घरांत व कामांत मशवऱ्याची बरकत देवो. आमीन.